चालू वही दोन ठिकाणी नको



उसाचा कारभार वहीवरून संगणकावर आला. लागणीची नोंद, तोडीचा क्रम, काट्यावरचे वजन, कपाती आणि बिल, सारे एका डेटाबेस फाइलीत बसते. २०२२ साली केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. म्हणजे सोसायटीचे कर्जखातेही त्याच वाटेने निघाले. यात वाईट काहीच नाही.

पण एक सवय मात्र घातक आहे. हिशेबाची चालू फाइल गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरात ठेवायची, तिच्यावरच काम करायचे आणि वर म्हणायचे, "काळजी कशाला? क्लाउडवर आहे ना!"

आमचे स्पष्ट मत आहे की काळजी तिथेच आहे. पत्राची फाइल लिहून झाली की एकदाच जतन होते. डेटाबेसचे तसे नाही. एक वजन नोंदले की फाइलीत चार जागी लिखाण होते. वजनाची ओळ, सभासदाचे खाते, बेरीज, सूची. हे लिखाण अर्ध्यावर असताना क्लाउडने फाइल उचलली, तर वर जाते ती अर्धवट प्रत. अशी फाइल पुढे उघडेलच याचा भरवसा नाही.

दुसरा धोका दोन टेबलांचा. अ‍ॅक्सेससारखा प्रोग्राम फाइलीशेजारी कुलपाची छोटी फाइल करतो, म्हणजे दोघांचे लिखाण एकमेकांवर पडू नये. पण क्लाउडमध्ये प्रत्येक संगणकावर फाइलीची आपापली प्रत असते. इथले कुलूप तिथे वेळेवर पोचत नाही. समजा, आसेगावच्या गट कार्यालयात एकाने वीस खेपा चढवल्या आणि त्याच वेळी काट्यावर दुसऱ्याने तीस. क्लाउडला दोन्हींची बेरीज करता येत नाही. तो एकाची फाइल ठेवतो, दुसऱ्याची वेगळ्या नावाने बाजूला टाकतो, नाहीतर पुसतो. मग वीस खेपांचा कास्तकार पावती घेऊन दारोदार फिरणार!

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. पण खेपेची नोंदच बुडाली तर हे दिवस मोजायचे कुठून?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जुळणी म्हणजे राखण नव्हे. इथे फाइल बिघडली की तोच बिघाड सगळ्या संगणकांवर पोचतो.

उपाय अवघड नाही. चालू फाइल कार्यालयाच्या एकाच संगणकावर ठेवावी. अनेकांना एकदम काम करायचे तर त्यासाठीच केलेला सर्व्हरचा डेटाबेस घ्यावा. संध्याकाळी काम बंद करून प्रोग्राममधूनच बॅकअप घ्यावा, त्यावर तारीख घालावी आणि ती प्रत क्लाउडवर खुशाल चढवावी. एक प्रत पेनड्राइव्हवर दुसऱ्या जागी असावी. जुन्या तारखांच्या प्रती लगेच पुसू नयेत.

वार्षिक सभेत आपण दराबद्दल विचारतो, उताऱ्याबद्दल विचारतो. यंदा आणखी तीन प्रश्न विचारा: चालू फाइल कुठे आहे? प्रत कोण घेतो? आणि ती प्रत उघडून शेवटी कधी पाहिली? तोवर काट्याची पावती मात्र जपून ठेवा.