अनोळखी पाणी आणि आपली मुलं : गळ टाकण्याआधी विचारायला शिकवूया



जोडून सुट्ट्या आल्या की हल्ली बरीच कुटुंबं धरणाच्या काठावर तंबू ठोकून राहायला जातात. आपल्या सोलापूरकरांसाठी हक्काचं पाणी म्हणजे उजनी. सोबत चूल, भांडी, बॅटरी आणि मुलांच्या हट्टासाठी ऑनलाइन मागवलेला मासे धरायचा गळ. गळ कसा टाकायचा हे मोबाइलवर बघून झालेलं असतं. मला हे सगळं आवडतं. मुलं चार भिंतींच्या बाहेर पडतात, पाणी बघतात, वाट बघायला शिकतात. पण माझं स्पष्ट मत आहे की अनोळखी पाण्यावर गेल्यावर पहिली गोष्ट गळ टाकायची नसते. आधी काठावरच्या माणसाला विचारायचं असतं. आणि हे विचारणं आपण मुलांना शिकवतच नाही, ना घरी, ना शाळेत.

उजनी म्हणजे नुसतं तळं नव्हे

माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ भीमा नदीवर बांधलेलं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.६६ टीएमसी मृत साठा. म्हणून तर आपल्याकडे उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' असं म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती. म्हणजे धरण कोरडं पडलं का? नाही. ५३.५७ चे ६० टक्के म्हणजे साधारण ३२ टीएमसी. तेवढं पाणी मृत साठ्यातून कमी झालं, तरी ३१ टीएमसीच्या वर शिल्लक होतं. ऋण संख्या शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं?

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या पाण्याखाली गावं आहेत. पाणी ओसरलं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, करमाळा तालुक्यात कुगावच्या जुन्या वाड्याच्या भिंती दिसू लागतात. तसेच पाण्याखाली जुने बांध आहेत, बाभळीची खोडं आहेत, विहिरी आहेत. मासा अशाच जागी थांबतो, कारण तिथं आडोसा मिळतो आणि खायलाही मिळतं. माणसाला धोकाही तिथंच. धरण भरलेलं असताना वरून बघणाऱ्याला सगळं पाणी सारखंच दिसतं. खाली काय आहे ते फक्त काठावरच्या माणसाला ठाऊक असतं.

व्हिडिओ वेगळं सांगतो, मामा वेगळं सांगतात

मागे एका डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबं करमाळ्याकडच्या काठावर मुक्कामाला होतो. माझी चौथीतली मुलगी आणि पुण्याहून आलेला सातवीतला भाचा, दोघांनाही मासा धरायचा होता. भाच्याने व्हिडिओत पाहिलं होतं की पहाटेच मासा लागतो. मी दोघांना सांगितलं, आधी त्या जाळं आवरणाऱ्या मामांना विचारून या, आणि मीही सोबत गेले. मुलीनं विचारलं, "मामा, इथं मासा कुठं लागतो?"

मामा म्हणाले, "लागतो की. पर आत्ता न्हाई. थंडी हाय, ऊन तापू द्या, मग चिलापी उथळात येती. आन बाई, पोरास्नी त्या दगडाच्या पल्याड सोडू नका. तिथं जुनी हीर हाय, दोन पुरुष पाणी हाय."

एवढ्या दोन-तीन वाक्यांत विज्ञान, भूगोल आणि गणित तिन्ही आले. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याप्रमाणे बदलतं, म्हणून थंडीत तो मंद असतो आणि उन्हाने तापलेल्या उथळ पाण्याकडे येतो. व्हिडिओ खोटा नव्हता, पण तो दुसऱ्या पाण्याचा आणि दुसऱ्या ऋतूचा होता. 'दोन पुरुष' म्हणजे किती, यावर मुलांनी तिथंच हिशोब मांडला. एका मोठ्या माणसाची उंची साडेपाच फूट धरली तर अकरा फूट! आणि त्या दगडाच्या पलीकडे विहीर असल्याची खूण आमच्या डोळ्यांना कुठंच दिसत नव्हती.

नंतर मामांनीच ज्वारीच्या ताटातला भेंड सोलून त्याचा तुकडा तंगुसाला बांधून दिला. भेंड बुडाला की मासा लागला, असं साधं गणित. गळाला कणकेची गोळी लावली. दुपारपर्यंत तळहाताएवढ्या दोन चिलापी लागल्या. मुलांना त्याचं अप्रूप होतं, पण त्यांच्या वहीत उतरलं ते मामांचं बोलणं.

मासा धरणं म्हणजे हिंसा नाही का?

हा प्रश्न काही पालक नक्की विचारतील. तुमच्या घरात मासा चालत नसेल तर गळ नेऊच नका, नुसतं बघायला जा. जाळं कसं विणतात, होडी कशी वल्हवतात, कोणता मासा कुठं राहतो हे बघूनही भरपूर शिकता येतं. आणि जे धरतात त्यांना कुठं थांबायचं हेही काठावरच शिकता येतं. चिलापीची मादी अंडी आणि पिलं तोंडात सांभाळते. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला गेला. मरळ पावसाळ्यात आपल्या लालसर पिलांच्या थव्याची राखण करते. त्या वेळी आई-बाप धरले तर अख्खा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. रोहू, कटला हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून तलावात बोटुकली सोडावी लागते. अगदी बारीक आसाच्या जाळ्यात हीच बोटुकली अडकली तर पुढच्या वर्षी धरायचं काय? 'लहान मासा परत सोड' हे पुस्तकातलं वाक्य मुलाच्या हातात वळवळणाऱ्या माशानेच खरं पटतं.

जिवाची गोष्ट

२१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यातल्या दुपारनंतर उजनीवर वारा कसा अचानक उठतो ते काठावरच्या लोकांना माहीत असतं. सहलीला आलेल्या माणसाला ते माहीत नसतं. म्हणून माझ्या घरी नियम आहे : होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच. जॅकेट नसेल तर होडी नाही. आणि काठावरचा माणूस 'आज नको' म्हणाला तर आज नको, मुलं कितीही रुसली तरी.

आणि आपल्या वर्गातला तो मुलगा?

शिक्षक मित्रांनो, आता थोडं आपल्याबद्दल. नदी-तलावाकाठच्या शाळांत भोई, कोळी समाजाची मुलं असतात. त्यांच्यातलं एखादं हंगामात गैरहजर राहतं, वाचनात मागे असतं, आणि आपल्या नोंदीत त्याच्यापुढे 'प्रयत्नांची गरज' असं लिहिलं जातं. पण पाण्याच्या रंगावरून खोली सांगणारा, वाऱ्याची दिशा ओळखणारा, सात-आठ जातींचे मासे नुसत्या शेपटीवरून वेगळे करणारा मुलगा परिसर अभ्यासात मागे कसा? मागे आहे ती आपली प्रश्नपत्रिका, असं मला वाटतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. मुलांनी स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावं, हा त्यामागचा हेतू. सुतार, कुंभार यांच्यासोबत मासेमार का नको? प्राथमिकच्या मुलांसाठीही एक दिवस पुरे. सोलापूर शहरातल्या शाळांना उजनी लांब पडत असेल तर १८७१ साली पूर्ण झालेला एकरुख म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव जवळ आहे. त्या दिवशी मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलाला गटप्रमुख करा आणि बघा, तो कसा बोलता होतो.

मुलांना सोबत न्यायला पाच प्रश्न देते. वहीत लिहून द्या :

१. इथं पाणी कुठं खोल आहे आणि खाली काय आहे?
२. वारा कधी सुटतो, आणि कुठून?
३. या दिवसांत कोणता मासा, कोणत्या वेळी, कशाला लागतो?
४. इथं मासे धरायला कुणाची परवानगी लागते?
५. केवढा मासा परत सोडायचा?

पाचवीपर्यंतच्या मुलाने एवढे प्रश्न अदबीने विचारले आणि उत्तरं लिहून आणली, तर भाषा, गणित, परिसर अभ्यास तिन्ही झाले. मासा लागला तर ठीक, नाही लागला तरी सहल वाया गेली असं म्हणू नका.

उत्तर शोधायला मोबाइल आहेच. पण समोरच्या माणसाला आपल्याहून जास्त कळतं हे मान्य करून त्याला 'मामा, सांगा ना' म्हणणं, ही सवय मोबाइल लावणार नाही. ती आपल्यालाच लावावी लागेल. येत्या सुट्टीत पाण्यावर जाणार असाल तर तंबूसोबत वही-पेन्सिल नक्की घ्या, आणि तुमच्या मुलांना काय उत्तरं मिळाली ते मला जरूर कळवा.