केसपेपरवर नसलेला रकाना

चाळिशीचा माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, रक्तदाब 170/110. आपण खर्रा, दारू, मीठ विचारतो, गोळी सुरू करतो. लहानपणी तो कुणाजवळ वाढला, हे मात्र विचारत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आपल्या डॉक्टरांनी तरी हे विचारायलाच हवे.

'सर्च' या संस्थेने 1995 पासून गडचिरोलीच्या 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी सुरू केली. तेव्हा तिथली दहांतली चार बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मत. आरोग्यदूतांच्या हातून वाचलेली ती बाळे आज तिशीला आली आहेत. पुढे 'सर्च'नेच 86 गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा सातांतला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला. तिशीची ही पिढी आता पक्षाघाताच्या वयाकडे निघाली आहे.

पुढच्या आजारांसाठी जन्माच्या वजनाचे महत्त्व आपल्याला पटले आहे; पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हाडकुळ्या बाळांच्या अंगातली चरबी आणि पुढचा मधुमेह यांचे नाते दाखवून दिले. मनाची बाजू मात्र आपण सोडून दिली. बालपणी मारहाण, व्यसनी पालक, घरातली हिंसा जितकी अधिक, तितका प्रौढपणी हृदयविकारही अधिक, हे फेलिटी आणि अँडा यांनी अमेरिकेत 1998 मध्ये मांडले. काही वाटा व्यसनातून जातात, काही सतत ताणाखाली राहिलेल्या शरीरातून.

इथले ताण वेगळे आहेत. घरी माडिया बोलणारे सहा वर्षांचे पोर आश्रमशाळेत येते आणि रात्री जवळ घ्यायला कुणी नसते. ताडोबाच्या आसपास मोहफुले वेचायला गेलेला बाप वाघाच्या हल्ल्यात जातो. भरपाईचे कागद हलतात, मुलाकडे कुणी बघत नाही. त्याच वयात खर्रा हाती लागतो. 'व्यसन' म्हणून आपण जे लिहितो, ते कधी त्या पोराने स्वतःला सावरायला धरलेले असते. तसे असेल तर नुसते 'सोडा' म्हणून ते सुटणार नाही.

हे विधिलिखित नव्हे. एखादी आजी, एखादे गुरुजी पाठीशी असले की पुष्कळ मुले तरून जातात. म्हणून विचारताना दुःखापासून सुरुवात करू नका. 'लहानपणी तुमचे कोण करायचे?' एवढे विचारा आणि थांबा.

आजच्या बाळांचे म्हणाल, तर आशाताई बाळ तीन महिन्यांचे झाल्यापासून पंधरा महिन्यांचे होईपर्यंत घरी जातातच. वजनाबरोबर बाळाशी कोण बोलते-खेळते आणि आईचे मन कसे आहे, हे त्याच भेटीत विचारता येते. येत्या मासिक बैठकीत त्यांच्याशी हे बोला.