उशाशी वर्ग नऊ

गोदीत लिथियम बॅटऱ्यांची पेटी आली की तिच्यावर वर्ग नऊचं लेबल असतं. वर काळ्या उभ्या पट्ट्या, खाली पेटलेली बॅटरी. म्हणजे धोकादायक माल. तिच्याजवळ विडी काढायची कुणा हमालाची टाप नाही.

परवा पुण्यात मावसभावाकडं गेलो. नीरेकाठच्या निरवांगीचा. घरोघर पार्सलं पोचवतो. दहा बाय दहाची खोली, माणसं पाच, अन् स्कूटरची बॅटरी उशाशी चार्जिंगला. म्हटलं, बाहेर लाव की. तर म्हणाला, "निरवांगीत अंगणात लावली असती. हितं बाहेर लावली तर सकाळी जाग्यावर ऱ्हाईल का? बॅटरी गेली म्हंजी रोजी गेली."

वसईत सप्टेंबर 2022 मध्ये घरात रात्री लावलेली बॅटरी पहाटे फुटली. सात वर्षांचं पोर भाजून मेलं.

नियम आले नाहीत असं नाही. त्या वर्षी देशात स्कूटर पेटल्या, पुण्यातही मार्चमध्ये पेटली. मग सरकारनं एआयएस-156 हे मानक कडक केलं. पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022, दुसरा 31 मार्च 2023. एक सेल तापला की शेजारचा तापतो, मग सगळा पॅक. ही साखळी रोखायची, धोका होण्याआधी आवाज-दिव्यानं सावध करायचं. चांगलंच आहे. पण हे नियम गाडी बनवणाऱ्यासाठी. आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबतात. अन् 250 वॅटपर्यंतच्या, ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाडीला तर ना नंबर, ना लायसन.

आपल्या वाट्याला उपदेश. गरम बॅटरी लगेच लावू नका. तिचाच चार्जर वापरा. फुगलेली वापरू नका. दाराच्या वाटेत ठेवू नका. लावून झोपू नका. सगळं खरं. मीही सांगतो, पाळा. पण दिवसभर राबणाऱ्यानं रात्री नाही लावायची तर कधी? अन् दहा बाय दहात दाराची वाट सोडून जागा कुठली?

पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला गावाबाहेर ठेवलंत. आता बॅटरी बाहेर ठेवायला हातभर जागा मागतो, तर ती नाही!

म्हणून मागणी साधी. प्रत्येक चाळीत, वस्तीत घरांपासून लांब, कुलपाची चार्जिंगची शेड. जो त्या पोराच्या फेऱ्यांवर कमावतो, त्यानंच प्रमाणित बॅटरी अन् चार्जर द्यायचा. ही भीक नाही, हक्क आहे.

गोदीतल्या पेटीला जपता तेवढं तरी आमच्या पोरांना जपा.