फॅटी लिव्हर मुलाला, पण पथ्य कोणाला? संशोधन काय सांगतं?

'दारू न पिता फॅटी लिव्हर कसं काय?' मोठ्या माणसाचा रिपोर्ट आला की हा प्रश्न हमखास विचारला जातो. पण रिपोर्ट दहा-बारा वर्षांच्या मुलाचा असेल तर?

२०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मधल्या संशोधकांनी भारतात आधी झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात मुलांमधलं प्रमाण ३५.४ टक्के निघालं आणि 'दर तीन मुलांमागे एक' अशा हेडलाइन झाल्या.

पण हा आकडा समजून घ्यायला हवा. यातल्या बऱ्याच अभ्यासांत वजन जास्त असलेली मुलंच तपासली होती. अशा मुलांमध्ये प्रमाण ६३.४ टक्के होतं, तर सर्वसाधारण मुलांमध्ये १२.४ टक्के. म्हणजे दर आठ मुलांमागे एक. हेही कमी नाही.

लिव्हरमध्ये चरबी येते कुठून?

आपल्या साध्या साखरेत दोन घटक असतात: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातल्या सगळ्या पेशी वापरतात. फ्रुक्टोजचा मोठा भार मात्र लिव्हरवर, म्हणजे यकृतावर पडतो. ते गरजेपेक्षा जास्त आलं की लिव्हर त्याची चरबी बनवतं. वाढलेलं वजन, बैठं आयुष्य आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर यांची त्यात भर पडते.

काहींच्या बाबतीत जनुकांचाही हात असतो. 'पीएनपीएलए३' या जनुकातल्या एका बदलामुळे लिव्हरमध्ये चरबी साठण्याचा धोका वाढतो, हे २००८ मध्ये समोर आलं.

आणि बारीक मुलं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुणे परिसरातल्या खेड्यांमधली बाळं आणि इंग्लंडमधली बाळं यांची तुलना केली. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिथल्यांचं ३.५ किलो. पण वजन कमी असूनही इथल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. त्यामुळे 'आमचं मूल तर काडी आहे' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

९ दिवस आणि ८ आठवडे

आता चांगली बातमी. लहान वयातली ही चरबी कमी होऊ शकते.

अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ मुलांच्या जेवणातली साखर ९ दिवस कमी केली. कॅलरी मात्र तेवढ्याच ठेवल्या, साखरेच्या जागी पिष्टमय पदार्थ दिले. लिव्हरमधल्या चरबीचं प्रमाण (मध्यक) ७.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आलं.

२०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वयाच्या ४० मुलग्यांपैकी निम्म्यांच्या आहारातली 'फ्री शुगर' ८ आठवडे जवळपास बंद केली. फ्री शुगर म्हणजे वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर. या मुलांमध्ये चरबी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचं खाणाऱ्यांमध्ये ती २१ वरून २० टक्के झाली.

हे प्रयोग छोटे आणि थोड्या दिवसांचे होते. पण दुसऱ्या प्रयोगातली एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. संशोधकांनी फक्त मुलाला 'गोड खाऊ नको' असं सांगितलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांसाठी मेनू आखला आणि जेवणही पुरवलं. म्हणजे फ्रीजमध्ये कोल्डड्रिंक ठेवून मुलाच्या निग्रहाची परीक्षा घेतली नव्हती.

औषध नाही का?

मुलांसाठी मान्यता मिळालेलं औषध आजही नाही. २०११ मध्ये १७३ मुलांवरच्या चाचणीत 'ई' जीवनसत्त्व आणि मेटफॉर्मिन यांनी लिव्हरच्या एन्झाइमवर प्लासिबोपेक्षा सरस परिणाम दाखवला नाही. अमेरिकेत २०२४ आणि २०२५ मध्ये ज्या दोन औषधांना मंजुरी मिळाली, ती प्रौढांसाठी आहेत. म्हणून सगळा भर खाण्यावर आणि हालचालीवर.

सरकार काय करतंय?

२०२१ मध्ये केंद्राने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. पण या कार्यक्रमातली सार्वत्रिक तपासणी ३० वर्षांपुढच्या लोकांसाठी आहे. मुलं त्यातून निसटतात.

मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. रोजच्या कॅलरीपैकी साखरेचा वाटा ५ टक्के असावा, पण ४ ते १० वयोगटात तो १३ टक्के आणि ११ ते १८ वयोगटात १५ टक्के आहे, असं त्या परिपत्रकात म्हटलं होतं.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. साखर घातलेल्या कोल्डड्रिंकवर ४० टक्के कर लागला. (आधी २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के सेस होता, म्हणजे एकूण भार तेवढाच.) पण चॉकलेट, बिस्किटं, आइस्क्रीम १८ वरून ५ टक्क्यांवर आले आणि गॅस नसलेली फळांच्या रसाची पेयं १२ वरून ५ टक्क्यांवर. शाळेत बोर्ड सांगतो साखर कमी खा, आणि शाळेबाहेरच्या दुकानात तीच साखर स्वस्त होते.

पालकांनी काय करावं?

- सुरुवातीला बहुतेकदा काहीच त्रास होत नाही. वजन जास्त असेल तर ९ ते ११ वयात एकदा तपासणी करावी, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.
- त्यासाठी एसजीपीटी ही साधी रक्ततपासणी असते. लॅबच्या रिपोर्टवरची 'नॉर्मल' मर्यादा अनेकदा मोठ्यांची असते. या सूचनांनुसार मुलग्यांसाठी ती २६, तर मुलींसाठी २२ आहे. आकडा जास्त आला तर डॉक्टरांना दाखवा.
- २०० मिली कोल्डड्रिंकमध्ये साधारण ५ चमचे साखर असते. पॅकेटमधला ज्यूस हा त्याला पर्याय नाही. अख्खं फळ खायला हरकत नाही.
- मुलाला उपाशी ठेवू नका, 'लिव्हर टॉनिक' मनाने सुरू करू नका.
- 'जाड्या' म्हणून चिडवणं हा उपचार नाही. किराणा मूल भरत नाही, आपण भरतो. त्यामुळे बदलाची सुरुवात महिन्याच्या यादीपासून करा आणि तो घरातल्या सगळ्यांसाठी करा.