गव्हाचे वजन आणि गव्हाचा कस

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पिकांचे भलेच होईल, हा युक्तिवाद हवामानबदलाच्या चर्चेत वारंवार ऐकू येतो. वनस्पती याच वायूपासून अन्न तयार करतात. मग तो जास्त मिळाल्यावर पीक जास्त का येऊ नये? गव्हाच्या बाबतीत हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचा संबंध शेतापेक्षा ताटाशी अधिक आहे, आणि भारतासारख्या देशाने तिकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. चालू शतकाच्या मध्यास किंवा त्यानंतर ते ५५० वर पोहोचले, तर गहू कसा वागेल? याचे उत्तर काचघरात मिळत नाही. तिथे वारा, ऊन, माती सगळेच वेगळे. म्हणून अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील मॅरिकोपा येथे ब्रूस किंबॉल, पॉल पिंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या शेतातच प्रयोग मांडला. गव्हाभोवती नळ्यांची मोठी वर्तुळे उभारली. वारा जिकडून येईल त्या बाजूच्या नळ्यांतून वायू सोडायचा आणि वर्तुळातले प्रमाण ५५० च्या आसपास राखायचे, अशी ती रचना. १९९२ ते १९९७ या काळात तिथे गव्हाचे चार हंगाम घेतले गेले.

पुरेसे पाणी दिलेल्या गव्हाचे उत्पादन साधारण दहा टक्क्यांनी वाढले. पाण्याचा ताण दिलेल्या गव्हात ही वाढ वीस टक्क्यांच्या आसपास गेली. कारण सोपे आहे. वायू मुबलक असला की पाने आपली पर्णरंध्रे थोडी मिटून घेतात, बाष्प कमी उडते आणि जमिनीतली ओल जास्त दिवस टिकते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या कानाला हे गोड लागेल. पण नत्र कमी दिलेल्या वाफ्यांत हा फायदा बराच घटला.

याच प्रयोगात दूरसंवेदनाचा कस लागला. पिकाला हात न लावता, त्याच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून आणि त्याच्या पानांच्या तापमानावरून त्याची तब्येत ओळखण्याचे तंत्र फिनिक्सच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकापासून घडत होते. तहानलेले पीक तापते, कारण बाष्प उडून मिळणारा गारवा त्याला मिळत नाही. या साध्या तत्त्वावर रे जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या ताणाचा निर्देशांक तयार केला होता. मॅरिकोपात मात्र जादा वायूतले पीक तहानलेले नसतानाही अर्ध्या अंशाहून थोडे अधिक तापलेले आढळले. रंध्रे मिटलेली होती एवढेच. म्हणजे ‘तापले ते तहानले’ हा ठोकताळा बदलत्या हवेत जसाच्या तसा वापरता येणार नाही. उपकरण बरोबर मोजते. त्या मोजमापाचा अर्थ मात्र जमिनीवर उतरूनच लावावा लागतो.

हिरवेपणाचेही तसेच आहे. उपग्रहावरून काढला जाणारा नेहमीचा हरित निर्देशांक पीक दाट झाल्यावर फारसा हलत नाही. शेत हिरवेगार दिसते, पण पानात नत्र किती आहे हे त्यातून नीट कळत नाही. ग्लेन फिट्झगेराल्ड हे कृषिशास्त्रज्ञ फिनिक्समधून ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील हॉर्शम येथे गेले. तिथे त्यांनी हरितद्रव्याचा वेगळा निर्देशांक वापरून उभ्या गव्हातले नत्र अजमावण्याचे काम केले. लाल प्रकाश आणि अवरक्त किरण यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात ही माहिती दडलेली असते. हॉर्शमलाच २००७ पासून पावसावरच्या गव्हात जादा कार्बन डायऑक्साइडचे प्रयोग झाले. तिथेही उत्पादन वाढले, आणि प्रथिने घटली.

हाच कळीचा मुद्दा आहे. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील उघड्या शेतांमधले प्रयोग एकत्र तपासले गेले. साडेपाचशेच्या आसपासच्या प्रमाणात वाढलेल्या गव्हात जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिने ६.३ टक्के कमी भरली. पिष्टमय पदार्थ वाढले की बाकीचे घटक विरळ होतात, हे एक कारण. दुसरे कारण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्नोल्ड ब्लूम यांनी शोधले, तेही मॅरिकोपात १९९६ आणि १९९७ मध्ये गोळा करून जपून ठेवलेल्या पानांतून. जादा वायूत गव्हाची पाने नायट्रेटचे प्रथिनांत रूपांतर करण्यात मागे पडतात, असे त्या जुन्या नमुन्यांनी जवळपास दोन दशकांनी दाखवून दिले.

सहा टक्के, नऊ टक्के म्हणजे फार नाही, असे कोणी म्हणेल. ताटात डाळ, दूध, अंडी, मांस असणाऱ्याला खरोखरच फरक पडणार नाही. पण रेशनचा गहू-तांदूळ हाच ज्यांच्या जेवणाचा मोठा भाग आहे, त्यांचे जस्त आणि बरेचसे प्रथिन त्याच दाण्यातून येते. जस्त कमी पडले की मुलांची वाढ खुंटते, जुलाब आणि न्यूमोनिया यांच्याशी लढण्याची ताकद घटते. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २०५० च्या सुमारास या एकाच कारणाने भारतात आणखी पाच कोटी लोकांना जस्ताची आणि ३ कोटी ८० लाखांना प्रथिनांची कमतरता भासेल. हा भार सर्वांत जास्त भारतावरच पडेल. देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया आजच रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत.

असे असताना भारतात गव्हाचे यश अजूनही फक्त टनांत मोजले जाते. उपग्रहाच्या साह्याने पेरा आणि उत्पादन यांचे अंदाज निघतात. सरकारी खरेदीत काडीकचरा, ओलावा, तुटके, आकसलेले आणि किडलेले दाणे पाहिले जातात. प्रथिने किती, हे कोणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियात गव्हाची प्रतवारी करताना प्रथिने मोजतात. तिथल्या ‘प्राइम हार्ड’ प्रतीला किमान १३ टक्के लागतात. त्यासाठीचे यंत्र मूठभर दाण्यांची परीक्षा मिनिटभरात करते. ते मोठ्या खरेदी केंद्रांवर आणि बाजार समित्यांत बसवणे अवघड नाही. जस्त आणि लोह प्रयोगशाळेतच तपासावे लागते. पण दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातले काही नमुने तपासले, तरी दाण्याचा कस कुठे चालला आहे हे कळेल.

बियाण्याच्या बाजूनेही वाट आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कोरडवाहू भागासाठी विकसित केलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या बन्सी गव्हात प्रथिने सुमारे १४.७ टक्के आहेत. जस्त आणि लोहही चांगले आहे. पण क्विंटलमागे तोच भाव मिळणार असेल, तर शेतकरी जास्त उतारा देणारे वाणच निवडणार, आणि त्यात त्याची चूक नाही. कसाला भाव द्यायचा तर सरकारला पहिले पाऊल टाकावे लागेल. शिवाय गव्हाबरोबर रेशनवर ज्वारी-बाजरी आणि डाळ द्यायला हवी. ज्वारीसारख्या पिकांच्या पोषणमूल्यावर जादा वायूचा परिणाम त्या मानाने कमी होतो.

घटलेली प्रथिने जादा युरिया टाकून भरून काढू, हा सोपा वाटणारा उपाय अपुरा आहे. त्याने प्रथिने काही अंशी सावरतील, जस्त नाही. उलट खर्च वाढेल आणि पाणी दूषित होईल. हवे ते योग्य वेळी, योग्य वाफ्यात, योग्य मात्रेत नत्र. दूरसंवेदनाचा खरा उपयोग इथे आहे. ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांवर हरितद्रव्य टिपणारे तेच अरुंद पट्टे आहेत आणि त्यांची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. कृषी विद्यापीठांनी ती स्थानिक वाणांशी आणि जमिनींशी पडताळून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ल्याच्या रूपात पोहोचवायला हवीत.

कार्बन डायऑक्साइड एकटा येत नाही, उष्णताही घेऊन येतो. मार्च २०२२ च्या उष्णतेने उत्तर भारतात गव्हाचे दाणे आकसले आणि मे महिन्यात निर्यात थांबवावी लागली. ते नुकसान तराजूवर दिसले, म्हणून तातडीने दखल घेतली गेली. जस्त आणि प्रथिनांची घट तराजूवर दिसणार नाही. ती मोजायची सोय आतापासून केली नाही, तर तिचा पत्ता थेट अंगणवाडीतल्या मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदींतच लागेल.