गाळ आमच्याच माथी का?



दाव्यांच्या सुनावणीला गेलो की हल्ली नवीनच ऐकायला मिळतं. साहेब म्हणतात, "तुमचे प्लॉट उतारावर आहेत. तुम्ही नांगरता, माती ओहोळात जाते, धरण गाळाने भरतं, पाणी खराब होतं. दावा बसत नाही."

आम्ही काय आंधळे आहोत? आगोटीच्या पहिल्या पावसात ओहोळ लाल होऊन वाहतो. तेच पाणी आम्ही पितो. उतारावर उभं नांगरलं तर माती जाते हेही खरं, लपवायचं कारण नाही. पण सगळी माती आमच्याच प्लॉटची, हे कोणी मोजलं? कूप तोडून डोंगर बोडका कोणी केला? मिश्र रान गेलं आणि नुसता साग लावला. त्याच्याखाली वणवा फिरला की जमीन उघडी. वर सागाच्या मोठ्या पानावरून पाऊस जाड थेंब होऊन आपटतो, माती उडवतो. करवंदीच्या जाळ्या, गवत, पालापाचोळा असलेलं रान पाणी जिरवतं. ओळीतला साग जिरवत नाही. रस्त्याचा मुरूम ठेकेदार सरळ ओहोळात लोटतो, त्याला नोटीस गेली का?

आणि गंमत बघा. रोजगार हमीतून बांधबंदिस्ती मागितली की म्हणतात, आधी पट्टा आणा. पट्टा मागितला की म्हणतात, बांध नाही, धूप होते. आम्ही जावं कुठं?

२००६ च्या वन हक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा बघायचा आहे, ४ हेक्टरची मर्यादा आहे. उताराची अट कुठेच नाही. उलट कलम ५ मध्ये पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचं काम ग्रामसभेकडे दिलंय. म्हणजे ओहोळ आपण राखायचा. मग राखूया, साहेबाची वाट कशाला?

तीन बांबू, सुतळी, एक दगड. दोन सारखे बांबू वर बांधायचे, मधे आडवा बांबू, टोकावरून सुतळीला दगड सोडायचा. सपाट जागी उभं करून सुतळी आडव्या बांबूवर कुठं येते तिथं खूण करायची, मग पाय उलटे ठेवून परत. दोन खुणांच्या मधोमध पक्की खूण. प्लॉटमध्ये फिरवताना सुतळी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं खुंट्या मारत जायचं आणि खुंट्यांच्या ओळीने दगडी बांध घालायचा. नांगरही त्याच ओळीने, आडवा. दगडांतून पाणी हळू जातं, माती मागं बसते. ओहोळाच्या काठची पट्टी नांगरायची नाही, गवत ठेवायचं. तणनाशक मारून पंप ओहोळात धुवायचा नाही. हे आपल्याच पोरांना सांगावं लागतंय, लाज वाटते.

ज्या विहिरीला कठडा नाही तिच्यात पहिल्या पावसाबरोबर शेण, हागणदारीची घाण, सगळं जातं. मग घरोघरी जुलाब. टीसीएल टाकली तरी गढूळ पाण्यात ती नीट काम करत नाही. म्हणून आधी कठडा, भोवती चर.

आणि दावे सोडायचे नाहीत. नाकारल्याचं कारण लेखी मागा. उपविभागीय समितीने नाकारला असेल तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. अर्जाला बांधाचा नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. ज्या पाड्यावर बांबूचं ते साधन बनवायला जमत नसेल त्यांनी निरोप पाठवा, आम्ही येतो. सुतळी तेवढी तुमची.