मऊ चेंडू आणि कठीण चेंडू

तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा गावी या उन्हाळ्यात चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. केदारेश्वराच्या दर्शनास आणि अस्थिविसर्जनास दूरदूरची माणसे या ‘दक्षिण काशी’स येतात हे वाचकांस ठाऊक असेलच, आज लिहावयाचे आहे ते मात्र त्याविषयी नव्हे. ऊन उतरले म्हणजे गावाबाहेर कापूस निघून गेलेल्या एका रानात मुलांचा खेळ जमे. एक बॅट, तीन काटक्या, आणि अंगावरची लव झडून गेलेला टेनिसचा चेंडू, एवढेच साहित्य. आमच्या यजमानांचे चौदा वर्षांचे चिरंजीव त्या मेळ्यातील पहिल्या प्रतीचे फलंदाज. त्यांस नंदुरबारास निवडीच्या सामन्याकरिता जावयाचे होते, आणि तेथील खेळ कातडी चेंडूचा. मातुश्रींचे म्हणणे, “चेंडू तो चेंडू, इतके दिवस खेळतो आहे, तेथेही खेळेल.” वडिलांचे म्हणणे, “दात पाडून घरी येईल.” आणि दोघांनीही निवाड्याकरिता आमच्याकडे पाहिले. तेव्हा जे सांगितले तेच जरा विस्ताराने येथे मांडीत आहो, कारण हा प्रश्न एकाच घरचा नाही.

मातुश्रींचा समज सार्वत्रिक आहे, पण तो खरा नाही. टेनिसचा चेंडू नियमाप्रमाणे ५६ ते ५९.४ ग्रॅम भरतो. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. (क्रिकेटसाठी म्हणून जाड रबराचे टेनिस चेंडू विकतात ते याहून जड असतात, तरी कातडी चेंडूची सर त्यांना नाही.) एकाच्या पोटात हवा, भोवती रबराचे कवच आणि वर लोकरी नमदा; दुसऱ्याच्या पोटात बूच, त्यावर ताणून गुंडाळलेला दोरा, आणि वरून कमावलेल्या कातड्याचे शिवलेले वेष्टन. बॅटीवर आदळताना पहिला चपटा होतो, तिला चारपाच सहस्रांश सेकंद चिकटून राहतो आणि मग सुटतो. दुसरा जेमतेम एका सहस्रांशात निघून जातो. अंगावर बसला तरी हाच भेद. मऊ चेंडू स्वतः दबून धक्का पसरवितो. कठीण चेंडू दबत नाही, म्हणून दबावयाचे ते आपल्या हाडामासास दबावे लागते.

पण इजेपेक्षाही मोठा फरक सवयींचा आहे, आणि तो आईबापांस सहसा दिसत नाही. टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे असा नियम आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक. कातडी चेंडू कठीण पृष्ठावर टाकला तर साधारण एकतृतीयांशच वर येतो. दिसावयास कठीण तो अधिक उसळेल असे वाटते, पण प्रकार उलटा आहे. परिणाम असा की, मऊ चेंडूवर वाढलेला मुलगा प्रत्येक चेंडू छातीशी येणार असे गृहीत धरून आडव्या बॅटीने तडाखा मारावयास शिकतो. त्या खेळात तेच शहाणपणाचेही असते. चेंडू हलका, हवेत लवकर वेग गमावणारा, तेव्हा सारे बळ आपल्याच खांद्यांतून द्यावे लागते. तोच मुलगा कातडी चेंडूपुढे उभा राहिला की, त्याच टप्प्याचा चेंडू त्याच्या बॅटीखालून सरकत यष्ट्यांवर जातो. बघणारे म्हणतात, खेड्यातला पोर, घाबरला. तो घाबरलेला नसतो. त्याच्या डोळ्यांनी सात वर्षे जे गणित पाठ केले, ते या चेंडूस लागू पडत नाही, इतकेच.

झेलाचीही तीच गोष्ट. टेनिसचा चेंडू ओंजळीतून उसळून निघतो म्हणून मुले त्याच्यावर झडप घालून मूठ आवळतात. कातडी चेंडू असा घेऊ जाल तर बोटे सुजतात. तो हात मागे घेत घेत, जणू तापलेले भांडे उतरवावे तसा, झेलावा लागतो. आणि गोलंदाजास तर कातडी चेंडूत एक नवीनच मित्र भेटतो, तो म्हणजे शिवण. तिच्यावर टाक्यांच्या सहा रांगा असतात. ती उभी ठेवून टाकता आली तर चेंडू हवेत वळतो, जमिनीवर पडून दिशा बदलतो. लव झडलेल्या टेनिस चेंडूस हे काही ठाऊक नाही. याचा अर्थ मऊ चेंडूवर काही शिकताच येत नाही असा मात्र नव्हे. श्रीलंकेचा लसिथ मलिंगा समुद्रकाठच्या वाळूत टेनिस चेंडूनेच शिकला, आणि त्याची ती खांद्याच्या रेषेतून फेकण्याची तऱ्हा पुढे जगभरच्या फलंदाजांस जड गेली. २०२४ सालच्या मार्चात ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडांगणावर केवळ टेनिस चेंडूची एक मोठी स्पर्धाच भरली. मऊ चेंडूचा खेळ हा कमी प्रतीचा खेळ नव्हे. तो निराळा खेळ आहे.

‘मऊ’ हा शब्दही तितका सरळ नाही. गोल्फ खेळणारांत हा वाद फार जुना, आणि आपल्या देशास तो अगदीच परका नाही. कलकत्त्यास १८२९ साली व मुंबईस १८४२ साली गोल्फचे क्लब निघाले होते. त्या काळचा चेंडू म्हणजे कातड्याच्या पिशवीत टोपीभर पिसे उकडून ठासून भरलेला. कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीनचारच होत, म्हणून तो महाग, आणि भिजला की निकामी. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा कठीण चेंडू आला. विष्णूच्या एका मूर्तीभोवती बांधून आलेल्या गटापर्चापासून स्कॉटलंडात तो प्रथम वळला गेला अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, आपल्या वाचकांस ती आवडेल. चेंडू स्वस्त झाला आणि बेताच्या ऐपतीची माणसे खेळावयास लागली. आजचे गोल्फचे चेंडू सारेच ४५.९३ ग्रॅमांच्या आत आणि सारेच दगडासारखे; तरी दुकानदार त्यांत ‘मऊ’ व ‘कठीण’ असे दोन भेद करितो. त्यात गोम अशी की, मऊ गाभा निराळा आणि मऊ वेष्टन निराळे. गाभा मऊ असला तर फटका हातास गोड लागतो, आवाज दबका येतो, पण जोराच्या फटक्यास वेग किंचित कमी पडतो. वेष्टन मऊ असले तर जवळच्या फटक्यास फिरकी अधिक मिळून चेंडू हिरवळीवर चटकन थांबतो. शब्द एक, गुण दोन. आणि गिऱ्हाईक एका गुणाची किंमत देऊन दुसरा घरी नेतो.

क्रिकेटच्या कातडी चेंडूतही हा भेद आहेच. नवा चेंडू टणक व चकचकीत असतो. पन्नाससाठ षटके मार खाऊन तो ‘मऊ पडतो’, शिवण दबते, आणि कसोटी सामन्यात ८० षटकांनंतर क्षेत्ररक्षण करणाऱ्या पक्षास नवा मागता येतो. यातूनच आम्ही यजमानांस पहिली युक्ती सांगितली. मुलाच्या हाती एकदम कोरा चेंडू देऊ नये. शहरातील एखाद्या क्लबातून वापरून टाकून दिलेले, मऊ पडलेले कातडी चेंडू पाचसहा मागून आणावेत. वजन तेच, उसळी व घसरण जवळजवळ तीच, पण धार बोथट. आठदहा दिवसांत डोळा बदलू लागतो. मात्र लागतो तोही, हे विसरू नये.

येथे जमिनीचा विचार करावा लागतो. प्रकाशाची जमीन तापीकाठची काळी माती. वैशाखात ती भेगाळते, ढेकळे लोखंडासारखी होतात. अशा रानात कातडी चेंडू तासाभरात खरवडून निघतो, आणि भेगेवर पडला तर कोठे उडेल त्याचा नेम नाही. मुले टेनिस चेंडू खेळतात ती आवडीने नव्हे. त्यांचा चेंडू त्यांच्या जमिनीने आणि खिशाने निवडलेला असतो. यावर कित्येक जण बूच व रबर साच्यात दाबून केलेला स्वस्त ‘कॉर्क’ चेंडू घेऊन देतात. आमच्या मते हा सौदा सर्वांत वाईट. त्याला कातडी चेंडूचा टणकपणा आहे पण त्याची शिस्त नाही. खडबडीत जमिनीवर तो अंगावर उसळतो, आणि ‘स्वस्ताचा आहे’ म्हणून मुले पॅडांवाचून खेळतात. त्यापेक्षा चार घरांनी मिळून काथ्याची एक मॅटिंग घ्यावी आणि खालची जमीन पाणी मारून, रूळ फिरवून सपाट करावी.

कठीण चेंडू कोणाच्या हाती यावा हे आपल्याकडे केवळ पैशानेच ठरत असे असेही नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील. पुण्यास प्रथम पारशी मंडळींच्या आणि पुढे इंग्रजांच्या क्लबात जमीन सारवणे, रूळ ओढणे, जाळ्या बांधणे या कामावर महिना तीनचार रुपयांवर ते होते. साहेबांस सरावाला गोलंदाज हवा म्हणून कातडी चेंडू त्यांच्या हाती आला. तासन्‌तास त्यांनी चेंडू टाकले. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू मंडळींनी त्यांस आपल्या संघात घेतले, तेव्हा मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांस चाले, पण चहा त्यांस बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात मिळे. चेंडूचे कातडे ज्यांनी कमावले त्यांच्या हाताचा विटाळ, आणि त्या कातड्यास मात्र पँटीवर घासून चकाकी आणावयाची, हा व्यवहार आपल्याच घरांतील सुशिक्षितांनी केला, हे या पानावर लिहिणे आम्हांस भाग आहे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूंनी शंभरांहून अधिक बळी घेतले. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कप्तान झाले.

आता वडिलांची भीती. ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. १९६२ च्या मार्चात बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसून कवटी फुटली. वेस्ट इंडीजचे कप्तान वॉरेल यांनी, आणि आपल्यापैकी उमरीगर, नाडकर्णी व बोर्डे यांनी रक्त दिले, म्हणून प्राण वाचले. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. तेव्हा शिरस्त्राण नव्हते. २०१४ साली सिडनी येथे फिलिप ह्यूज यांच्या डोक्यावर ते होते, पण चेंडू त्याच्या खाली मानेवर बसला आणि ते दगावले; तेव्हापासून मान झाकणाऱ्या जोडपट्ट्या आल्या. म्हणून कातडी चेंडू घरात येण्यापूर्वी हेल्मेट, पॅड, हातमोजे आणि कमरेखालचे कवच ही चारही आली पाहिजेत. चौथ्या वस्तूचे नाव काढावयास आई लाजते आणि वडील विसरतात. मुलगा तर कोणापाशी बोलतच नाही. ती वडिलांनी स्वतः आणून द्यावी. हेल्मेट थोरल्या भावाचे सैल नको. डोके हलविले की ते डोक्याबरोबर हलले पाहिजे.

आणखी एक गोष्ट दुकानात विचारून घ्यावी. लहान मुलांकरिता १३३ ते १४४ ग्रॅमांचा आणि स्त्रियांकरिता १४० ते १५१ ग्रॅमांचा चेंडू क्रिकेटच्या कायद्याने निराळा सांगितला आहे. दोन्ही आकारानेही थोडे लहान असतात. पुष्कळ दुकानदार न विचारता मोठ्या पुरुषांचाच चेंडू पुडक्यात बांधून देतात. आमच्या यजमानांची धाकटी कन्या दहा वर्षांची आहे आणि भावाहून सरळ चेंडू टाकते, असे आम्ही त्या रानात डोळ्यांनी पाहिले. तिच्याकरिता कोणता चेंडू आणावयाचा हे विचारण्याचे मात्र त्या घरी कोणास सुचले नव्हते. आम्ही जाताना वजनाचा आकडा कागदावर लिहून तिच्या हाती दिला.